बंदिवान तत्त्वज्ञ बोएथियस

परमेश्वर सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे आणि तो सर्वस्वीं चांगला आहे, हीं तीन विधानें एका दमांत उच्चारणें फार सोपें आहे. परंतु तीं एकमेकांच्या शेजारीं ठेवून पाहूं लागलें म्हणजे विचारी मनुष्य घटकाभर थबकतो. उद्यां मी काय करणार हें देवाला आजच ठाऊक असेल, तर उद्यां मला निराळें वागण्याची मोकळीक राहिली कोठें ? मोकळीक नसेल, तर माझ्या हातून घडलेल्या पापाबद्दल मला शिक्षा करणारा देव न्यायी कसा ? आणि जगांतील दुष्टपणा त्याला दिसत असून व तो थांबविण्याचें सामर्थ्य त्याच्या ठायीं असून तो थांबवीत नसेल, तर त्याच्या चांगुलपणाचें काय ? वरच्या इयत्तांतील विद्यार्थी असले प्रश्न विचारूं लागले म्हणजे पुष्कळ वडील मंडळी त्यांना गप्प बसवितात. आम्हांला हें योग्य वाटत नाहीं. सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं एका मनुष्यानें हेच प्रश्न विचारले, आणि तेही घरीं स्वस्थ बसून नव्हे, तर देहान्त शिक्षेची वाट पाहत बंदिवासांत असतां. त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अनिशियस मॅन्लियस सेव्हेरिनस बोएथियस असें त्याचें लांबलचक नांव होतें. त्याचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास झाला. त्याच्या आधीं थोडींच वर्षें, म्हणजे इ. स. ४७६ सालीं, पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा बादशहा पदच्युत होऊन इटलीची सत्ता ओडोएसर नांवाच्या परकी सेनानायकाच्या हातीं गेली होती. पुढें इ. स. ४९३ सालीं गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक यानें ओडोएसरला मेजवानीच्या प्रसंगीं स्वतःच्या हातानें ठार मारिलें, आणि रॅव्हेना येथें राजधानी ठेवून तो इटलीवर राज्य करूं लागला. म्हणजे बोएथियस ज्या रोममध्यें वाढला, तेथें सिनेटसभा भरत असे, कॉन्सल नेमले जात, खेळ होत, भाषणें होत. पण तलवार गॉथांच्या कमरेला होती. हें लक्षांत ठेविल्यावांचून पुढील हकीकत नीट समजावयाची नाहीं.

बोएथियसचें कुळ रोममधील जुन्या व श्रीमंत कुळांपैकीं एक. त्याचा बाप इ. स. ४८७ सालीं कॉन्सल होता. परंतु तो लौकरच वारला आणि मुलगा लहानपणींच पोरका झाला. या पोरक्या मुलाला सिमॅकस नांवाच्या थोर सरदारानें आपल्या घरीं नेऊन वाढविलें. सिमॅकस स्वतः कॉन्सलचें पद भूषविलेला, विद्याव्यासंगी आणि रोमचा इतिहास सात भागांत लिहिणारा गृहस्थ होता. (तो इतिहास आज उपलब्ध नाहीं.) पालक आणि गुरु एकाच माणसांत लाभणें हें भाग्य फार थोड्यांच्या वांट्याला येतें. पुढें सिमॅकसनें आपली मुलगी रुस्टिशियाना त्याला दिली, आणि वाढविलेला मुलगा घरचा जांवई झाला. या दोघां पुरुषांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. इतका कीं, एकाच्या मरणानेंच दुसऱ्याचें मरण ओढवलें.

त्या काळीं पश्चिमेकडे ग्रीक भाषा जाणणारे लोक दिवसेंदिवस कमी होत चालले होते. हें ओळखून बोएथियसनें तरुणपणींच एक प्रचंड संकल्प केला. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल या दोघांचे सर्व ग्रंथ लॅटिन भाषेंत आणावयाचे, त्यांवर टीका लिहावयाची, आणि या दोन आचार्यांचा मुख्य गोष्टींत विरोध नाहीं हें दाखवावयाचें ! संकल्प पुरा झाला नाहीं; तो एका जन्मांत पुरा होण्यासारखाही नव्हता. तथापि ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्रावरील ग्रंथ त्यानें लॅटिनमध्यें आणिले, अंकगणित व संगीतशास्त्र यांवर पुस्तकें लिहिलीं, आणि बाराव्या शतकापर्यंत पश्चिम यूरोपांतील विद्यार्थी ॲरिस्टॉटलला मुख्यतः त्याच्याच भाषांतरांतून ओळखत होते. इ. स. ५१० सालीं तो स्वतः कॉन्सल झाला. त्या वर्षीं राज्यकारभारामुळें लिहिण्यास हवा तेवढा वेळ मिळत नाहीं, अशी तक्रार त्यानें आपल्या एका टीकाग्रंथांत नमूद करून ठेविली आहे. राज्यांतील सर्वांत मानाचें पद मिळालें असतां ज्याला आपली अपुरी टीका आठवते, त्याची खरी आवड कशांत होती हें निराळें सांगावयास नको.

या भाषांतरांच्या कामांतच त्याची आपल्या मूळ प्रश्नाशीं पहिली गांठ पडली. ॲरिस्टॉटलनें एके ठिकाणीं विचारिलें आहे कीं, उद्यां समुद्रावर लढाई होईल किंवा होणार नाहीं, या दोहोंपैकीं एक विधान आजच खरें असेल, तर उद्यांची गोष्ट आजच ठरून गेली असें नाहीं काय ? या एका प्रकरणावर बोएथियसनें फार बारकाईनें लिहिलें. त्या ग्रंथावर तर त्यानें एक सोडून दोन टीका लिहिल्या. तेव्हां तो प्रश्न त्याच्या दृष्टीनें तर्कशास्त्रांतील एक अवघड गांठ होता, इतकेंच. तो आपल्याच जिवाशीं येऊन भिडेल हें त्याच्या स्वप्नींही नसावें.

त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यानें एक लहानसा पण कठीण निबंध लिहून सिमॅकसला अर्पण केला. त्यांतील एक विचार प्रस्तुत विषयाला धरून आहे. एखादा मनुष्य न्यायी आहे असें आम्ही म्हणतों, तेव्हां मनुष्य ही एक गोष्ट व न्यायीपणा ही दुसरी. तो उद्यां अन्यायी झाला तरी मनुष्यच राहील. देवाचें तसें नाहीं. देव न्यायी आहे म्हणजे त्याचें असणें आणि त्याचा न्याय हीं दोन नाहींत. याचा अर्थ असा कीं, ज्ञान, सामर्थ्य, चांगुलपणा हे गुण एका पेटींत निरनिराळ्या वस्तु भराव्यात तसे देवाच्या ठिकाणीं भरलेले नाहींत. तेव्हां त्यांचें आपसांत भांडण लागण्याचा प्रसंगच नाहीं. हें उत्तर वाचून आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. ते गुण देवाच्या ठायीं एकच असले, तरी आमच्या बुद्धीला ते निरनिराळेच दिसतात आणि त्यांतील विरोधही दिसतो. तो विरोध खोटा आहे हें दाखविण्याचें काम उरतेंच. बोएथियसला हें कळत होतें असें त्याच्या शेवटच्या ग्रंथावरून दिसतें.

थिओडोरिक स्वतः मोठासा शिकलेला नव्हता, पण माणसें पारखणारा होता. राजाच्या वतीनें कॅसिओडोरस नांवाच्या मुत्सद्यानें लिहिलेलीं पत्रें सुदैवानें शिल्लक आहेत. त्यांवरून दिसतें कीं, बर्गंडीच्या राजाला भेट पाठविण्यासाठीं एक जलघटिका व एक छायायंत्र तयार करवून द्यावें, फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याच्यासाठीं चांगला वीणावादक निवडावा, आणि शिपायांना पगारांत कमी वजनाचीं नाणीं मिळतात या तक्रारीची चौकशी करावी, अशीं कामें बोएथियसकडे येत. प्लेटोचें भाषांतर बाजूला ठेवून नाणीं तोलावयाचीं ! राजेलोकांना विद्वानांचा उपयोग बहुधा असाच सुचतो.

इ. स. ५२२ हें वर्ष त्याच्या भाग्याचा कळस होय. त्याचे दोन्ही मुलगे अल्पवयांतच एकदम कॉन्सल झाले. असा मान कोणाही खाजगी गृहस्थाला क्वचितच मिळे. त्यानें राजाच्या स्तुतिपर भाषण केलें, दोन मुलांच्या मध्यें बसून लोकांना दानधर्म केला, आणि त्याच सुमारास राजदरबारांतील अत्यंत मोठ्या अधिकाराच्या जागेवर त्याची नेमणूक झाली. दरबारांत तो लोकप्रिय झाला नाहीं. दुष्काळाच्या दिवसांत कँपानिया प्रांतांतील शेतकऱ्यांकडून सक्तीनें धान्य खरेदी करण्याचा हुकूम सुटला, तेव्हां त्यानें मोठ्या अधिकाऱ्याशीं राजासमक्ष भांडून तो हुकूम रद्द करविला. गॉथ सरदार गरिबांची मालमत्ता गिळंकृत करूं पाहत, त्यांनाही तो आडवा आला. अशा माणसाला शत्रु शोधावे लागत नाहींत.

आणि काळही प्रतिकूल झाला. थिओडोरिक हा एरियन पंथाचा, म्हणजे ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणारा होता. रोमची मंडळी आणि पूर्वेकडील कॉन्स्टँटिनोपलची मंडळी यांच्यांत कित्येक वर्षें फूट होती, तोंवर त्याला रोमन लोकांपासून भय नव्हतें. इ. स. ५१९ सालीं ती फूट मिटली. रोमन सरदार आतां पूर्वेच्या बादशहाकडे डोळे लावून बसतील, असा संशय म्हाताऱ्या राजाच्या मनांत शिरला. अशा वेळीं अल्बायनस नांवाच्या सिनेटच्या सभासदानें बादशहाच्या दरबारीं राजद्रोहाचीं पत्रें पाठविलीं, असा आरोप सिप्रियन नांवाच्या अधिकाऱ्यानें केला. बोएथियस तेथें हजर होता. तो गप्प राहता तर कदाचित् वांचता. परंतु तो पुढें झाला आणि हा आरोप खोटा आहे, अल्बायनसनें हें केलें असेल तर आपण व सर्व सिनेटनेंही तें केलें, असें त्यानें राजाला सांगितलें. लागलीच आरोपाचें तोंड त्याच्याकडे वळलें. त्याच्याविरुद्ध साक्षी देणारे कोण, तर कर्जांत बुडून नोकरींतून काढलेला एक, आणि लबाडीबद्दल हद्दपारीचा हुकूम झालेले दुसरे दोघे. पत्रें बनावट आहेत असें तो ओरडून सांगत होता. राजद्रोहाबरोबर त्यानें अभिचारकर्म केल्याचाही आरोप ठेवण्यांत आला. तत्त्वज्ञानाचा व्यासंग हाच त्याचा पुरावा मानला गेला! ज्या सिनेटची बाजू त्यानें घेतली, त्या सिनेटनेंच, तो सुमारें पांचशें मैलांवर कैदेंत असतां, त्याचें म्हणणें ऐकून न घेतां त्याला दोषी ठरविलें. आम्हांस वाटतें, राजाच्या क्रोधापेक्षां हा घाव त्याला अधिक लागला असावा.

उत्तर इटलींत पाव्हिया शहराच्या बाजूस त्याला ठेविलें होतें, असें परंपरा सांगते. तेथें जवळ ग्रंथसंग्रह नसतां त्यानें जें पुस्तक लिहिलें, त्याचें नांव तत्त्वज्ञानाचें सांत्वन असें करतां येईल. त्याचे पांच भाग असून गद्य व पद्य आळीपाळीनें येतें. आरंभीं कैदी रडत पडला आहे. इतक्यांत त्याच्या उशाशीं एक तेजस्वी वृद्ध स्त्री येऊन उभी राहते. ती म्हणजे तत्त्वज्ञान. तिचें वस्त्र ठिकठिकाणीं फाटलेलें आहे, कारण निरनिराळ्या पंथांच्या लोकांनीं त्याचे तुकडे ओढून नेले आहेत. ती वैद्याप्रमाणें प्रथम त्याचा रोग ओळखते. दैवानें दिलें तें दैवानें नेलें, त्यांत तुझें असें काय गेलें, येथून आरंभ करून ती त्याला हळूहळू कठीण प्रश्नांकडे नेते. कैदी मुकाट्यानें मान हालवीत नाहीं. तो वारंवार अडवतो, आणि त्याचे आक्षेप दुबळे नसतात. म्हणूनच हें पुस्तक आजही वाचवतें.

तिसऱ्या भागांत सामर्थ्य व चांगुलपणा यांचा प्रश्न येतो. देव सर्व कांहीं करूं शकतो. तो वाईट करूं शकतो काय ? नाहीं. तर मग ज्याला अशक्य असें कांहीं नाहीं, त्याला जें करतां येत नाहीं, तें वाईट म्हणजे वस्तुतः कांहींच नव्हे ! हें ऐकून कैदी स्वतःच म्हणतो कीं, तूं मला शब्दांच्या चक्रव्यूहांत घालून खेळवीत तर नाहींस ना ? आम्हांलाही तसेंच वाटतें. तिच्या म्हणण्यांत तथ्य आहे तें इतकेंच, कीं आंधळेपणा ही जशी डोळ्यांत घातलेली वस्तु नसून दृष्टीचा अभाव आहे, तसें वाईट हें चांगल्याचा अभाव होय, आणि वाईट करतां येणें हें बळ नसून दुबळेपणा आहे. सामर्थ्याचा असा अर्थ केला तर पापाची अशक्यता व सर्वशक्तिमत्ता यांत विरोध राहत नाहीं. येथपर्यंत आम्ही तिच्याबरोबर जातों. परंतु आंधळ्याला आपलें आंधळेपण कांहींच नाहीं असें वाटत नाहीं, हेंही खरें आहे.

पांचव्या भागांत जुनी समुद्रावरील लढाई पुन्हां उभी राहते. देवाला सर्व पुढचें दिसत असेल आणि त्याचें पाहणें चुकणें शक्य नसेल, तर तें तसेंच घडलें पाहिजे. मग बक्षीस व शिक्षा व्यर्थ, आशा व्यर्थ, प्रार्थनाही व्यर्थ. हा आक्षेप कैदी इतक्या जोरानें मांडतो कीं, याला आतां उत्तर नाहीं असें वाचकाला वाटूं लागतें. उत्तर दोन पायऱ्यांचें आहे. पहिली पायरी अशी कीं, जाणणें म्हणजे घडविणें नव्हे. आम्ही एक मनुष्य रस्त्यानें चालतांना पाहतों आणि त्याच वेळीं सूर्य उगवतांना पाहतों. दोन्ही गोष्टी आम्हीं पाहिल्या म्हणजे त्या घडत आहेत हें निश्चित. पण सूर्याला उगवणें भाग आहे, मनुष्याला चालणें भाग नाहीं. आमच्या दृष्टीनें त्याचे पाय ओढले नाहींत.

यावर चलाख विद्यार्थी म्हणेल कीं, हें वर्तमानाचें झालें. परीक्षेचा निकाल आधींच ठाऊक असणें ही गोष्ट निराळी. दुसरी पायरी याच शंकेसाठीं आहे. देवाला आधीं आणि नंतर असें नाहींच. आमचें आयुष्य थेंबाथेंबानें येतें; काल हातचा गेला, उद्यां अजून आला नाहीं. देवाचें जीवन अमर्याद असून तें सगळें एकदम त्याच्या हातीं आहे. शाश्वतता म्हणजे नुसता न संपणारा काळ नव्हे. तेव्हां ज्याला आम्ही पूर्वज्ञान म्हणतों, तें त्याच्या बाजूनें पूर्वज्ञान नसून उंच शिखरावरून सर्व कांहीं समोर पाहणें आहे. उद्यांचा माझा निश्चय तो उद्यांच्या आधीं ओळखत नाहीं. तो त्याला दिसतो, जसा चालणारा मनुष्य आम्हांला दिसतो. मी ऐनवेळीं बेत बदलून त्याला फसवीन म्हटलें, तर तें बदलणेंही त्याच्या समोरच आहे.

हें उत्तर पुढें थॉमस अक्वायनस या महापंडितानें बव्हंशीं उचलून धरिलें, पंधराव्या शतकांत लोरेंझो व्हाला यानें त्यावर कडक टीका केली, आणि इ. स. १९८१ सालीं एलिनॉर स्टंप व नॉर्मन क्रेट्झमन या अमेरिकन अध्यापकांनीं शाश्वततेवर एक निबंध लिहून त्याचा नव्यानें कैवार घेतला. आमचें मत विचाराल तर असें : देवाचें ज्ञान आणि मनुष्याचें स्वातंत्र्य यांत उघड विरोध दाखविल्याचा जो दावा, तो बोएथियसनें मोडून काढला. दोन गोष्टी एकत्र असूं शकतात एवढें दाखविणें हें त्याचें काम. त्या तशा आहेत हें सिद्ध करणें हें दुसरें काम, आणि तें केल्याची बढाई तो मारीत नाहीं. मात्र एका ठिकाणीं त्याच्या भिंतीला फट आहे. ज्याला आतां हा शब्दच लागू नाहीं, त्याला या घटकेला घड्याळांत किती वाजले हें कसें कळावें ? आणि तें कळत नसेल, तर तो सर्वज्ञ कसा ? बर्गंडीच्या राजासाठीं जलघटिका करविणाऱ्या माणसाच्या ग्रंथांत हा प्रश्न यावयास हवा होता. तो आलेला नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना खटकते. या सबंध पुस्तकांत ख्रिस्ताचें नांव एकदांही नाहीं. यावरून कित्येकांनीं असा तर्क केला कीं, बोएथियस मनानें ख्रिस्ती नव्हताच, व त्रैक्यावरील निबंध दुसऱ्या कोणाचा असावा. या वादाचा निकाल इ. स. १८७७ मध्यें लागला. कॅसिओडोरसच्या एका टिपणाचा तुकडा त्या वर्षीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत बोएथियसनेंच तो निबंध लिहिल्याचें स्पष्ट आढळलें. मग मरणाच्या दारांत त्यानें आपल्या श्रद्धेचा उच्चार कां केला नाहीं ? आम्हांस वाटतें, केवळ बुद्धीच्या पायांनीं कोठवर जातां येतें हें त्याला पाहावयाचें होतें. मात्र पुस्तकाच्या अखेरीस आशा व प्रार्थना व्यर्थ नाहींत हें तो सांगून जातो, आणि तेथेंच पुस्तक थांबतें. कैदी सुटला कीं नाहीं याविषयीं एक अक्षर नाहीं.

तो सुटला नाहीं. इ. स. ५२४ च्या सुमारास त्याला अत्यंत क्रूर रीतीनें ठार मारण्यांत आलें. तो प्रकार आम्ही बालवाचकांपुढें वर्णीत नाहीं. जांवयाच्या मृत्यूचा शोक करणारा सिमॅकस सूड घेईल या भयानें राजानें लौकरच त्यालाही मारविलें. इ. स. ५२६ मध्यें पोप पहिला जॉन राजाच्या कैदेंत वारला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें थिओडोरिकही गेला. प्रोकोपियस हा इतिहासकार सांगतो कीं, जेवणांत वाढलेल्या मोठ्या माशाच्या डोक्यांत राजाला सिमॅकसचें डोकें दिसलें आणि त्या भीतीनें तो आजारी पडला. गोष्ट खरी मानलीच पाहिजे असें नाहीं; पण राजाच्या मनाला काय खात असावें याविषयीं लोकांची कल्पना तीवरून कळते.

थिओडोरिकच्या मुलीनें जप्त केलेली मालमत्ता बोएथियसच्या कुटुंबाला परत दिली. रुस्टिशियाना मागें पुष्कळ वर्षें जगली. युद्धांत रोमला वेढा पडला, तेव्हां तिनें आपलें द्रव्य उपाशी लोकांत वांटून टाकलें, आणि इ. स. ५४६ मध्यें शहर पडलें त्या वेळीं ही कॉन्सलची मुलगी व कॉन्सलची पत्नी दारोदार भाकर मागत होती. तिनें थिओडोरिकचे पुतळे फोडविले असा आरोप ठेवून गॉथ शिपाई तिला मारूं पाहत होते. परंतु गॉथांचाच राजा टोटिला यानें तिला हात लावूं दिला नाहीं.

बोएथियसचें पुस्तक मात्र देशोदेशीं गेलें. इंग्लंडांत तें आल्फ्रेड राजाच्या वेळीं जुन्या इंग्रजींत आलें, चौदाव्या शतकांत कवि चॉसरनें त्याचें भाषांतर केलें, आणि इ. स. १५९३ मध्यें एलिझाबेथ राणीनें स्वतः केलें. डांटेनें आपल्या महाकाव्यांत त्याला स्वर्गांत ज्ञानी जनांच्या मंडळांत बसविलें आहे. पाव्हियाच्या लोकांनीं त्याला शतकानुशतकें संत मानलें होतें; त्या मानण्याला इ. स. १८८३ मध्यें पोप तेराव्या लिओनें मान्यता दिली. पाव्हिया येथील सेंट पीटरच्या जुन्या देवळांत त्याच्या अस्थि तळघरांत आहेत. आणि वर, त्याच देवळांत, संत ऑगस्टीनच्या अस्थि ठेविलेल्या आहेत. या ऑगस्टीनच्या लेखनाचें बीज आपल्या मनांत रुजलें आहे कीं नाहीं तें पाहा, असें बोएथियसनें त्रैक्यावरील निबंधाच्या आरंभीं सिमॅकसला विनविलें होतें.